कुत्रा आला, कुत्री आली, कुत्रं आलं
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज एका हसण्याबद्दल बोलायचं आहे. त्या हसण्यात मीही होते, म्हणून आधी तेच सांगते.

आमची सरावली बोईसरला लागूनच. आमच्या चाळीच्या मागे पाण्याचा नळ आहे आणि सकाळी तिथे हंडे-कळशांची रांग लागते. तारापूरच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे सगळीकडची माणसं राहायला आलेली आहेत. त्यामुळे त्या एका रांगेत वारली, वाडवळी, मांगेली, गुजराती, भोजपुरी, बंगाली अशा सगळ्या भाषा ऐकू येतात. एका सकाळी ओडिशाहून आलेली आमची एक शेजारीण ओरडत आली, "ताई, कुत्रा आली! भाकरी नेली!" सगळ्या बायका हसल्या. कुणीतरी तिची नक्कलही केली. मीसुद्धा पदर तोंडाला लावून हसले.

त्या दिवसापासून ती नळावर मराठी बोलेनाशी झाली. काही हवं असेल तर खूण करायची, नाहीतर तुटक हिंदी. दोन वर्षांत कानाने ऐकून ऐकून शिकलेली भाषा तिने एका हसण्यापायी टाकून दिली. मला ते लागून राहिलं. मग मी स्वतःलाच विचारलं, ती चुकली म्हणजे नेमकं काय चुकलं? आणि आपण बरोबर बोलतो ते कुणाच्या जोरावर?

तिची भाषा आधी पाहू. ओडियात गाय आली तरी "गाई आसिला" आणि बैल आला तरी "बळद आसिला". क्रियापद एकच. नर की मादी हे सांगायची गरज पडली तर तेवढ्यापुरता वेगळा शब्द लावायचा. हत्तीण असेल तर "माई हाती". गरज नसेल तर तो विषयच काढायचा नाही. बंगालीतही क्रियापदाला लिंग नसतं. आपण मात्र प्रत्येक वाक्यात निकाल देतो. आला, आली, आलं. काळा, काळी, काळं. माझा, माझी, माझं. मराठीत कुत्र्याबद्दल एक वाक्य बोलायचं झालं तरी आधी ते कोण आहे हे ठरवावं लागतं.

आता गंमत पाहा. ओडिया, बंगाली, हिंदी, गुजराती, कोकणी आणि मराठी या सगळ्या एकाच घरच्या लेकी. पूर्वी संस्कृतात तीन लिंगं होती आणि प्राकृतातही ती राहिली. पुढे हजारभर वर्षांत शब्दांची शेवटची अक्षरं झिजत गेली. पूर्वेकडे ओडिया, बंगाली, असमिया यांनी व्याकरणातलं लिंग जवळजवळ सोडूनच दिलं. हिंदीने दोन ठेवली आणि नपुंसकलिंगी शब्द बहुतेक करून पुल्लिंगात मिसळून गेले. आपण पश्चिमेकडच्यांनी, म्हणजे मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी, तिन्ही जपली. संस्कृतातल्या नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटचा 'म्' झिजत झिजत नाकातला उच्चार होऊन राहिला. जुन्या मराठीतलं "केळें", "कुत्रें" ते हेच. आपण उत्तरेला डहाणू, उंबरगाव करत गुजरातेत गेलो की तिथे "कूतरो, कूतरी, कूतरुं" ऐकू येतं. आपलंच कुत्रा, कुत्री, कुत्रं, फक्त शेवट वेगळा.

म्हणजे वाटणीत कुणाला तीन भांडी आली, कुणाला दोन, कुणी म्हणालं आम्हाला ओझं नको. ज्या बहिणीकडे भांडी कमी तिचा स्वयंपाक वाईट, असं काही नसतं.

पण ही तीन लिंगं ठरवली कुणी? हा प्रश्न नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलीने महाभाष्यात यावर वाद घातला आहे. आधी एक सोपं उत्तर समोर ठेवलं : शरीराच्या खुणा पाहाव्यात. जिला स्तन ती स्त्री, ज्याच्या अंगावर केस तो पुरुष, दोन्ही नसेल ते नपुंसक. मग लगेच अडचण काढली. खाटेला स्त्रीलिंग आहे, झाडाला पुल्लिंग आहे, त्यांच्या अंगावर कुठल्या खुणा शोधणार? नदीचा काठ तर एकच असतो, पण संस्कृतात "तटः, तटी, तटम्" असा तिन्ही लिंगांत चालतो. आणखी एक उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. संस्कृतात बायकोला "भार्या" म्हणतात, ते स्त्रीलिंग. "कलत्र" म्हणतात, ते नपुंसकलिंग. आणि "दार" म्हणतात, ते चक्क पुल्लिंग, तेही नेहमी बहुवचनात! बाई एकच, आणि लिंगं तीन.

एवढा खल झाल्यावर व्याकरणकार ज्या ठिकाणी पोचले ते मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणतात, लिंग नियमाने शिकवता येत नाही, कारण ते लोकांवर अवलंबून आहे. लोक जसं बोलतात तसं ते. म्हणूनच अमरकोशासारखा ग्रंथ पाठ करावा लागे. त्याचं मूळ नावच "नामलिंगानुशासन", म्हणजे नाव आणि त्याचं लिंग यांची शिकवण. मोठमोठ्या शास्त्र्यांनाही हे घोकूनच येत असे. मग नळावरच्या बाईला दोन वर्षांत कसं यावं?

लोकांवर अवलंबून म्हणजे कोणत्या लोकांवर? याचं उत्तर मला गोठ्यात सापडलं.

गाय व्याली की आपण पहिल्यांदा म्हणतो, "वासरू झालं." वासरू नपुंसकलिंगी. अजून कुणी नीट पाहिलेलं नसतं. मग घरातली म्हातारी कंदील नाहीतर बॅटरी घेऊन वाकते आणि सांगते, कालवड आहे किंवा गोऱ्हा आहे. इथून त्या जिवाचं नशीब वेगळं होतं. म्हशीचं रेडकू किंवा पारडू, मग त्यातून वगार निघते किंवा टोणगा. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. कोंबडीचं पिल्लू, आणि ते मोठं होऊन अंड्यावर यायला लागलं की तिला तलंग म्हणायचं. बघा, लहान असेपर्यंत सगळी नपुंसकलिंगी. दूध, अंडी, नांगर, विक्री असा हिशेब आला की शब्द फुटतो आणि लिंग येतं.

हा हिशेब कोण ठेवत होतं? धार काढणारी, शेण उचलणारी, अंडी गोळा करणारी बाई. कालवड आणि पारडी यांतला फरक भाषेने ग्रंथातून उचललेला नाही, तो गोठ्यातून आला आहे. ज्या जनावराशी आपलं पोट बांधलेलं आहे, त्याला आपल्याकडे तीन-तीन, चार-चार शब्द आहेत. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याला एकच. पाल नेहमी ती, मग भिंतीवर नर असो की मादी. सरडा नेहमी तो. घार ती, कावळा तो. पालीचं लिंग जाणून घ्यायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही.

मग अशा ठिकाणी जे लिंग पडलं ते शब्दाच्या घडणीमुळे पडलं, प्राण्याकडे पाहून नाही. आपण मात्र त्यावर माणसांचे स्वभाव चढवून ठेवले. चिमणी स्त्रीलिंगी, म्हणून चिऊताई नेटकी, घर सांभाळणारी. कावळा पुल्लिंगी, म्हणून तो आळशी, शेणाचं घर बांधणारा. ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी ती सांगितल्याचं आलेलं आहे. प्रत्यक्षात चिमण्यांत नर असतोच, गळ्याशी काळा डाग असलेला, आणि घरट्याची जागा धरून काड्या आणायला तोही झटतो. "कुहू कुहू" गातो तो नर कोकीळ. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती तसं गात नाही. तरी छान गाणाऱ्या बाईला आपण कोकिळा म्हणतो. डास पुल्लिंगी, पण रक्त पिते ती त्याची मादी, हे आरोग्यसेविका आपल्याला दर पावसाळ्यात सांगतातच. आणि रांगेत चालणारी मुंगी मात्र खरोखरच "ती" असते, कारण कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. तिथे भाषेचा नेम लागला, तोही योगायोगाने.

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर केला. आपल्या पालघर जिल्ह्यातलं सातपाटी पापलेटसाठी नावाजलेलं, त्यामुळे आपल्याकडे त्याचं कौतुक जास्त. आता ही मासळीची पाटी पाहा. ते पापलेट, तो बोंबील, ती सुरमई, तो बांगडा, ती कोळंबी, तो रावस, ती मांदेली. वरून बघून नर-मादी कळत नाही, तेव्हा लिंग नावाबरोबर आलं. पण बांगडा चिरला आणि आत गाभोळी निघाली, तर आपण काय म्हणतो? "बांगडा गाभोळीचा निघाला." पोटात अंडी, आणि तरी तो! कोळणीला ठाऊक असतं की ही मादी आहे. भावही त्यावर ठरतो. पण म्हणून ती "बांगडी" म्हणत नाही. भाषेतलं लिंग एक आणि जिवाचं लिंग एक, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आता नपुंसकलिंगाकडे येते, कारण त्याला फुकटची बदनामी आली आहे. नावच असं पडलं आहे की शाळेत मुलं ऐकून हसतात. शब्दाची फोड केली तर "पुरुष नव्हे ते". शास्त्री त्याचा अर्थ "ना स्त्री, ना पुरुष" असा लावत आले. पण आपण मराठीत त्याचा वापर कसा करतो पाहा. बाळ, मूल, लेकरू, पाखरू, कोकरू, पिल्लू. जे जवळ घ्यावंसं वाटतं ते बहुतेक याच लिंगात. मोठं झालेल्या मुलालाही आई लाडाने म्हणते, "दमलं गं माझं बाळ." तळकोकणात आणि गोव्यात मुलीला "चेडूं" म्हणतात, तेही नपुंसकलिंगी. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलगी स्वतःबद्दल बोलताना "हांव आयलें" म्हणते, म्हणजे "मी आलं". आपल्याकडचं "बाईमाणूस" सुद्धा नपुंसकलिंगीच. "बाईमाणूस एकटं निघालं" असं आपण म्हणतो.

भीती असेल तिथेही हेच लिंग धावून येतं. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून "लांबडं दिसलं" किंवा "जनावर निघालं" म्हणायचं. वाघाची तऱ्हा उलट. आपल्या आदिवासी पाड्यांवर तो वाघोबा असतो, देव म्हणून पुजलेला. वाघबारशीला त्याचा मान असतो, आणि देवाला "आलं" म्हणून कसं चालेल? तिथे वडीलधाऱ्यासारखं "वाघोबा" म्हणायचं. लाड, भीती, मान हे सगळं आपण याच तीन लिंगांतून बोलतो.

आणखी एक गुण सांगते, तो मला सगळ्यात आवडतो. गाय आणि बैल एकदम घरी आले, तर हिंदीत "दोनों आए", म्हणजे गाय पुल्लिंगात गेली. मराठीत आपण म्हणतो, "दोन्ही आली." गुरं आली, ढोरं आली. दोन पुरुष असले की दोघे, दोन बायका असल्या की दोघी, आणि नवरा-बायको असले की दोघं. एक बाई आणि एक पुरुष एकत्र आले, तर आपली भाषा बाईला पुरुषात बुडवत नाही. तिसरं लिंग काढून दोघांनाही त्यात बसवते. ज्याला आपण "ना हे ना ते" म्हणून हिणवतो, त्यात खरं म्हणजे दोन्ही मावतात.

तरी एक बोचणारी गोष्टही याच शब्दांत आहे. गोठ्यात कालवड झाली की घर खूश, वगार झाली की पेढे. आणि माणसाच्या घरी? "बाळ झालं" म्हटल्यावर पुढचा प्रश्न तोच : काय झालं? तिथे हिशेब उलटा लागतो. तो हिशेब जन्माच्याही आधी लावला जाऊ लागला, तेव्हा महाराष्ट्राला १९८८ साली गर्भाचं लिंग पाहण्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. असा कायदा करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. मग १९९४ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला. मला वाटतं, पोटातल्या जिवाला आपल्या भाषेने "ते बाळ" म्हणून ठेवलं ते शहाणपणाचंच आहे. जन्मेपर्यंत ते बाळच असू द्यावं.

आता हे सगळं पुस्तकात कसं आलं, ते थोडक्यात. मराठीचं पहिलं छापील व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला निघालं. ते विल्यम कॅरी यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. मोल्सवर्थ यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. त्यात शब्दापुढे लिंग दिलेलं असे. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण मराठीत लिहिलं आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचा जाडजूड ग्रंथ आला. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. पण एकदा छापलं की एक बोलणं शुद्ध ठरतं आणि बाकीचं अशुद्ध. खरं तर व्याकरणाच्या पुस्तकांतच कबुली आहे की काही शब्दांना दोन लिंगं चालतात. तो बाग आणि ती बाग, तो वेळ आणि ती वेळ. "पोर" तर तिन्हींत चालतं. मराठी लोकांतही सगळ्यांचं एकमत नाही.

छापण्याची आणखी एक करामत. पूर्वी "तें कुत्रें" असं अनुस्वार देऊन लिहीत. एक कुत्रं म्हणजे "तें कुत्रें" आणि अनेक कुत्रे म्हणजे "ते कुत्रे", लिहिताना फरक दिसे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले आणि दोन्हीकडे "ते कुत्रे" झालं. पाठ्यपुस्तकात "ते कुत्रे आले" वाचलं तर एक की चार, ते पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्या तोंडी मात्र "कुत्रं आलं" आणि "कुत्रे आले" अजून वेगळे आहेत. कागदाने जे पुसलं ते चुलीपाशी आणि गोठ्यात टिकलं. म्हणजे सांभाळणारी आपणच होतो, आणि "तू अशुद्ध बोलतेस" हे ऐकणारीही आपणच. शाळेत "आलं, गेलं" लिहिलं म्हणून तांबडी रेघ खाल्लेल्या कितीतरी जणी आज मला ऐकत असतील. मीही ती खाल्ली आहे. आणि तरी नळावर मी हसले.

आमच्या चाळीतली मुलं आता "मांजर आली" म्हणतात, कारण हिंदीतली बिल्ली स्त्रीलिंगी आणि घरातली माऊही स्त्रीलिंगी. काही "मांजर आला" म्हणतात. मला "मांजर आलं" हवं आहे. ते जावं असं मला वाटत नाही, कारण त्या तिसऱ्या लिंगात वासरू आहे, लेकरू आहे, दोघं आहेत. पण ते टिकायचं तर कुणी कानावर घालत राहिलं पाहिजे, आणि दुसऱ्याने ते तोंडातून काढून बघितलं पाहिजे. हसलं की तोंड बंद होतं. मग बरोबर बोलणारी फक्त आपण उरतो, आणि आपलं ऐकायला कुणी नसतं.

लिंग लोकांवर अवलंबून आहे, असं पतंजली सांगून गेला. सरावलीचे लोक आता कोण आहेत? त्या नळावरच्या रांगेत उभ्या आहेत त्या सगळ्या.

मी त्या शेजारणीकडे गेले. माफी मागायला शब्द जुळेनात, म्हणून तिलाच विचारलं, तुमच्या भाषेत कसं म्हणतात गं? ती म्हणाली, "कुकुर आसिला." मी तसं म्हणायला गेले आणि सवयीने शेवटी "आसिली" म्हणाले. या वेळी ती हसली. मग दाराशी येऊन बसलेल्या त्या कुत्र्याकडे बोट करून तिने मला हळूच विचारलं, "ताई, हा आला, का हे आलं?"

मी म्हटलं, "वाकून बघितलंस तर आला नाहीतर आली. नाही बघितलंस तर आलं."

"मग आलं," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला.